मला अहिराणी येत नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलाला नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. पण आधी थोडं इकडचंतिकडचं बोलू द्या — एकदम तिथे पोचायचा धीर होत नाही.

मी धुळ्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. गाव पाचोऱ्याजवळचं. बी.ए. करताना पाचोऱ्यात एका मारवाडी शेठच्या कापड दुकानात उभी राहायचे. खेड्यावरच्या बाया आल्या की शेठ मलाच पुढे करायचे. "बेटा, तुझ्या बोलीत बोल. बाई मग उठत नाही." खरंच उठत नसे. "अक्का, हाई देख ना" म्हटलं की ती मांडी घालून बसायची, घरचं सगळं सांगायची आणि लुगडं घेऊनच जायची. म्हणजे माझं कॉलेज अहिराणीवर झालं असं म्हटलं तरी चालेल.

पुढे जळगावला कुरियरच्या ऑफिसात बसले. पुण्याला कॉल सेंटरमध्ये गेले. तिथे ट्रेनिंगला माझ्या उच्चारांवर पोरं हसली, तर मी आरशासमोर ओठ वळवून वळवून बोलायला शिकले. परत येऊन बी.एड. केलं, स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतले, पहूरला तासिकेवर शिकवलं, आणि मग ही धुळ्याची नोकरी. या सगळ्यात बोली कुठे गळून पडली, मला आठवत नाही — खोटं. चांगलं आठवतं. पण ते मी कारण म्हणून सांगणार नाही, असं ठरवून बसले आहे.

धुळ्यात तेव्हा मी नवी होते, अजून कायम झाले नव्हते. आठवीत कविता नावाची मुलगी होती. जवळच्या खेड्यावरून एसटीने यायची, मागच्या बाकावर बसायची, तोंड म्हणून उघडायची नाही. एकदा माझी माय मला भेटायला आली, आणि स्टँडवर तिला बसमध्ये बसवताना मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलत होते. वळून पाहते तर कविता उभी. इतकी हसली — जणू मी तिच्या घरातलीच कोणी निघाले. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात हात वर करायला लागली.

कळतंय ना, तो हात कशामुळे वर आला ते?

महिनाभराने शाळेत माझा नमुना पाठ ठेवला. दुसऱ्या शाळांचे इंग्रजीचे शिक्षक मागे खुर्च्यांवर, हेडमास्तर दारापाशी. मी म्हटलं, घरच्या माणसांबद्दल कोण बोलेल? कविता उठली. एकटीच.

"माय मदर शी इन द फील्ड," ती म्हणाली. "माय फादर शी इन सुरत."

वर्गात हशा फुटला. मागच्या खुर्च्यांवरही कोणीतरी हसलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. मनी माय वावरमा शे. पोरीने पुस्तकात 'शी' पाहिलं आणि तिला वाटलं, हा तर आपलाच शब्द. पाचवीत मीसुद्धा अगदी हेच लिहिलं होतं. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहिले असते, तर तो पाठ सगळ्यांच्या लक्षात राहिला असता. किती सोपं होतं! पण मी काय केलं? मी म्हटलं, "तुझे वडील 'शी' आहेत का गं? साडी नेसतात?"

आता तर बाकं बडवायला लागली पोरं. कविता रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच, मला मदत केल्यासारखी म्हणाली, "मॅडम, आपलामा शे म्हनतस ना?"

आपलामा. आपल्यात. त्या 'आपल्यात' तिने मला धरलं होतं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आपल्यात म्हणजे कोणाच्यात? मला अहिराणी येत नाही."

ती खाली बसली. तिला ठाऊक होतं मी खोटं बोलते आहे, आणि मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. आमच्या दोघींशिवाय कोणालाच नाही. पाठाचं कौतुक झालं. मी कायम झाले. पोरं दहावीपर्यंत तिला 'फादर शी' म्हणत राहिली आणि मी एकदाही कोणाला थांबवलं नाही. तिचा हात मात्र पुन्हा वर आला नाही.

तो खोटेपणा मग पुढे चालूच राहिला. स्टाफरूममध्ये मायचा फोन आला की मी शहरी मराठीत बोलायचे. थोड्या दिवसांनी मायच म्हणायला लागली, "कशी आहेस? जेवलीस का?" — एकेक शब्द जपून, परक्याच्या घरी कपबशी धरावी तसा. मरेपर्यंत ती माझ्याशी तशीच बोलली.

गेल्या वर्षी एका लग्नात कविता भेटली. तिनेच ओळख दिली. धुळ्यातच असते, मुलगी इंग्रजी शाळेत आहे. शेजारी तिची आई बसली होती, तीच, वावरातली. आईने मला निरखून विचारलं, "ह्याच त्या मॅडम शेतस का?"

"आई, नीट बोल ना," कविता पटकन म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "सॉरी हं मॅडम. आम्ही घरात आता ती भाषा बोलतच नाही. मुलीच्या कानावर पडायला नको. तुम्ही तेव्हा वेळेवर टोकलंत, बरं केलंत."

टोमणा नव्हता तो. मी तिचा चेहरा नीट पाहिला. ती मनापासून आभार मानत होती.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. 'हाव माय, मीच ती' — एवढंच म्हणायचं होतं. तीन-चार शब्द. जिभेवर आलेही होते.

मी हात जोडले आणि म्हटलं, "नमस्कार. कशा आहात आपण?"