सहाची गाडी, सातची नोंद

गाडी गेटातून आत आली की नाना ड्रायव्हरला पहिला प्रश्न विचारत, "कुठं जेवला?" माल नीट उतरला का, बिल्टीवर माल घेणाऱ्याची सही आणली का, टायर कसे आहेत, हे सगळं नंतर. ड्रायव्हर म्हणायचा, "मालेगावला." नाना मान हलवायचे आणि मगच त्याच्या हातातले कागद घ्यायचे. कोणी "घरचा डबा होता" म्हणालं तर डब्यात काय होतं तेही विचारायचे. अंबडच्या आमच्या ट्रान्स्पोर्ट कंपनीत मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणूस खाण्याचा शौकीन दिसतो. ते स्वतः मात्र टेबलाच्या खणात ठेवलेली भाकरी आणि ठेचा उभ्याउभ्या खायचे, आणि तेही रोज तेच.

नाना सायखेड्याचे. शेती भाऊ बघायचा आणि हे तरुणपणी मोठ्या शेठकडे हमाल म्हणून लागले ते इथलेच झाले. मी आले तेव्हा गाड्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं. कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, कोणत्या लाइनवर, हे ठरवायचं आणि गाडी सुटली की लांबट रजिस्टरात वेळ लिहायची. टपोरं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मोठे शेठ वारले, धाकटे शेठ खुर्चीवर बसले, तरी त्या रजिस्टराला कोणी प्रश्न विचारला नव्हता. "नानांनी सात लिहिलंय म्हणजे सात वाजता सुटली," असं धाकटे शेठ मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

मला आणलं होतं ते नेमकं ही रजिस्टरं बंद करायला. गोदाम, गेट, गाड्या, बिल्ट्या, माल पोहोचल्याच्या पावत्या, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचं होतं. तोवर प्रत्येक टेबलाची वही वेगळी होती आणि एका वहीत काय आहे ते दुसऱ्या टेबलाला माहीत नसायचं. जुनी माणसं अशा कामात आडवी येतात हे मी आधी दोन ठिकाणी भोगलं होतं, त्यामुळे बाह्या सरसावूनच नानांच्या टेबलाशी गेले. त्यांनी आपली खुर्ची ओढून माझ्या लॅपटॉपशेजारी लावली आणि चष्मा पुसला.

"ताई, ह्याला गाडी थांबली ते कळतं?"

"कळतं. कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं."

"का थांबली ते?"

मी कारणांची यादी उघडून दाखवली. पंक्चर, बिघाड, ट्रॅफिक, टोल, माल उतरवणे. त्यांनी ती बोट लावून खालपर्यंत वाचली.

"ह्यात जेवण नाय."

"ते काही कंपनीचं काम नाही ना, नाना."

"म्हंजे ह्याच्या हिशोबानं ड्रायव्हर जेवतच नाय," ते म्हणाले. मी हसले. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली.

पण खरं सांगायचं तर त्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं कुतूहल असलेला तो एकच माणूस होता. बाकीच्यांना फक्त आपलं बटण कोणतं ते हवं होतं. नाना रोज एक नवी शंका घेऊन यायचे. हरसूलचा बाजार असतो त्या दिवशी गाडी आत शिरत नाही, हे ह्याला कोण सांगतं? मी म्हटलं, आपण सांगायचं. मग दोन दिवस बसून त्यांनी मला आमच्या सगळ्या लाइनींवरचे आठवडे बाजार भरायला लावले. नंतर पडद्यावर हरसूलची गाडी बाजारच्या दिवशी आपोआप लवकर लागलेली दिसली, तेव्हा ते बराच वेळ तिथे उभे होते.

"लय भोळं हाय वो हे तुमचं," ते म्हणाले. "जे सांगाल ते खरं धरतंय."

कोणत्या गाडीला कुठे पोहोचायला किती वेळ लागावा, हेही त्याला सांगायचं होतं. त्यासाठी आम्ही नानांचीच जुनी रजिस्टरं भरली. इथून सुटल्याची वेळ आणि धुळ्याच्या गोदामात पोहोचल्याची वेळ, यावरून त्यानं पाच तास काढले. इतर लाइनींचंही तसंच. मग रजिस्टर कपाटात गेलं आणि गाडी गेटातून बाहेर पडली की वेळ आपली आपण नोंदली जाऊ लागली. धाकट्या शेठनी नियम काढला, तीनदा उशीर झाला की ड्रायव्हर लाइनवरून खाली.

पहिल्याच दिवशी लांबच्या लाइनींच्या सगळ्या गाड्या पडद्यावर लाल, म्हणजे उशिराच्या, झाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि मग कुतूहल, कारण उशीर सगळ्यांना सारखाच होता. धुळे एक तास, सुरगाणा एक तास, सटाणा एक तास. माणसं उशीर करतात तेव्हा कुणी वीस मिनिटं करतो, कुणी अडीच तास. इतक्या शिस्तीत कोण उशीर करतं? सॉफ्टवेअरवाल्यांना मी फोन करकरून भंडावून सोडलं. शेवटी गेटवरच्या वॉचमनच्या जुन्या वह्या मागवल्या आणि त्या रजिस्टराशेजारी ठेवल्या. नानांनी सात लिहिलं होतं तिथे वॉचमनने सहा लिहिलं होतं, पानोपान. त्यावरून वॉचमनचं घड्याळ वर्षानुवर्षं मागे आहे आणि गेटवरच्या नव्या नोंदीची वेळही त्यावरूनच लावलीय, असा निष्कर्ष काढून मी स्वतःवर खूश झाले आणि तसं शेठना सांगूनही टाकलं.

इकडे नानांच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं बदलली होती. "कुठं जेवला?" तर "बिस्किट खाल्लं." "कुठं जेवला?" तर "आता घरी जाऊन." रामदास हा सटाण्याकडचा, धुळ्याच्या लाइनवरचा जुना ड्रायव्हर. त्याच्या नावावर दोन लाल खुणा पडल्या होत्या. तो गाडीतून उतरता उतरता म्हणाला, "नाना, आते जेवाले टाइम कोठे शे?" नानांनी त्याचे कागद घेतलेच नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या पुढे, भर सकाळी साडेदहाला, रामदासची गाडी रस्ता सोडून कांद्याच्या शेतात शिरली. त्याचा डोळा लागला होता. शेतात कोणी नव्हतं आणि रामदासला कपाळावर खोक पडली तेवढीच, पण त्याचा फोन नानांनीच घेतला. तो ठेवून ते थेट शेठच्या केबिनमध्ये आले. मी आत वॉचमनच्या वह्या घेऊन बसलेच होते.

"वॉचमनचं घड्याळ बराबर हाय," नाना म्हणाले. "चूक मी हाय."

शेठनी माझ्याकडे बघितलं. नाना बोलत राहिले. "मोठ्या शेठनी धुळ्याची लाइन पाच तासांत बसवली होती, बाकीच्या लांबच्याबी तशाच आवळून. त्यात घास खायला जागा नव्हती, पाठ टेकायला नव्हती. मी दोनदा सांगून पाह्यलं, त्यांनी नाय ऐकलं. मंग मी सहाची गाडी सातला लिहाया लागलो. एक तास पोटाचा. पोरं जेवत्यात का दुसरंच काय करत्यात, ते आल्यावर इचारून घ्यायचो."

"किती वर्षं?"

"तुम्ही शाळेत होता."

"बाबांना माहीत होतं?"

"नाय. तेच लय लागतं मनाला. आन ह्या ताईच्या मशीनवर पयल्या दिवशी लाल दिसलं ना, तवाच मला कळलं होतं. ते भोळं, माझं खरं धरून बसलं. तरी मी गप बसलो. चार महिन्यांनी रिटायर व्हायचं, आता कशाला, असं वाटलं. आज रामदास गेला असता."

ज्या रजिस्टरावर वडिलांनी आणि शेठनी डोळे मिटून विश्वास टाकला होता, ते खोटं निघालं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग मला म्हणाले, "यादीत जेवण टाका. लांबच्या सगळ्या लाइनींना एक तास वाढवा. आणि आजवरच्या लाल खुणा पुसा." नानांना ते काहीच म्हणाले नाहीत, आणि नानांना तेच जास्त लागलं असावं.

त्याच संध्याकाळी मी ते भरलं. नाना शेजारी बसून बघत होते. यादीत पंक्चरच्या वर मी 'जेवण' लिहिलं, तेव्हा त्यांनी बोटानं तो शब्द दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. मी खूप समजावलं. चार महिने काढा, सगळ्यांना तुम्ही हवे आहात, म्हटलं. ते म्हणाले, "खोटं लिहिणारा त्याच टेबलावर बसला, तर उद्या खरं लिहिलेलं कोण मानंल?" खणातला ठेच्याचा डबा पिशवीत टाकला आणि सायखेड्याला निघून गेले. मला त्यांचा राग आला होता, हेही सांगते.

महिन्याभराने मी सहज बघत होते की सॉफ्टवेअर कोण किती वापरतं. त्यात नानांचं नाव दिसलं. शिकवताना मी त्यांच्या मोबाइलवर एक लॉगिन काढून दिलं होतं, फक्त बघण्यापुरतं. ते रोज अकराच्या सुमारास उघडलं जात होतं आणि त्यातलं एकच पान पाहिलं जात होतं, गाड्या कुठे थांबल्या त्याचं. मग एका दुपारी फोन आला.

"ताई, सुरगाण्याची गाडी आज थांबली नाय. इचारा त्याला."

गाडी परत आली तेव्हा मी गेटाशी जाऊन उभी राहिले. बिल्ट्या पुढे केलेल्या ड्रायव्हरला म्हटलं, "कुठं जेवला?" तो चपापला. सकाळपासून पोट बिघडलंय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी दिली.

काम सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं, हा नियम मीच लिहिलेला आहे. चालू लॉगिनांची यादी मी दर तीन महिन्यांनी सहीसाठी शेठपुढे ठेवते. पहिल्या वेळी त्यांचं पेन नानांच्या नावाशी थांबलं.

"हे अजून कामावर आहेत?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी सही केली.