चांगल्या गालावरचे डाग

मालूला लग्नाची पत्रिका कोणी पाठवत नाही. तिला बोलवायला मुलाचा बाप स्वतः चालत येतो. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यांवर ती धवळेरी. तिनं धवळे, म्हणजे लग्न लावायची गाणी, म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी धरत नाही. पन्नाशीची, शिडशिडीत, तोंडानं इतकी फटकळ की मी, उपकेंद्राची नर्स, सुई घेऊन गेले तर आधी माझाच उद्धार करते.

मागच्या मळणीच्या दिवसांत एका सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडातलं पाणी उजव्या कोपऱ्यातून गळालं. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा मिटेना. मुलगा दीपेश तिला तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "मेंदूचा लकवा. ठाण्याला न्या." मेंदू म्हटल्यावर घरचे खचले आणि दोन दिवसांनी ठाण्याऐवजी तिला बुधूकडे घेऊन गेले. बुधू म्हणजे पाड्याचा भगत, नात्यानं तिचा चुलत दीर.

आता बुधूची अक्कल ऐका. तोंड डावीकडे गेलंय, म्हणजे वारं डावीकडे बसलंय! त्यानं विळा तापवला आणि डाव्या गालावर तीन डाग दिले. अरे, डावा गाल धडधाकट होता! उजवा लुळा पडला म्हणून डाव्यानं तोंड आपल्याकडे ओढलं. रस्सीखेचीत एका बाजूनं हात सोडले, तर काय जिंकणाऱ्याला झोडपायचं?

अठराव्या दिवशी मी लसीकरणाला गेले तेव्हा हे बघितलं. म्हटलं, "मालूबाई, भुवया वर करा." डावी गेली, उजवी हलली नाही. त्या डॉक्टरला एवढंच बघायचं होतं, एवढंच! मेंदूच्या बुडाकडून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली सातवी कानाजवळून चेहऱ्यावर येते आणि चेहरा हलवते. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम मिळतो, त्यामुळे लकवा मेंदूचा असता तर उजवी भुवईही वर गेली असती. तिचा मेंदू ठणठणीत होता, बिघाड सातव्या नसेत होता. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या, डोळ्यात थेंब आणि झोपताना पापणीवर पट्टी, एवढ्यावर बहुतेक भागलं असतं. ते राहिलं बाजूला, आणि बाई उघड्या डोळ्यानं भाताच्या कुसात मळणी करत राहिली. चेहऱ्याचं दुखणं मेंदूला कळवणारी नस वेगळी, पाचवी. ती शाबूत होती, म्हणून विळ्याचे चटके मात्र तिला पुरेपूर कळले.

उजव्या बुबुळावर फूल पडलं होतं. शहापूरला नेलं, ठाण्याला नेलं. त्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड कळतो.

तीन महिन्यांत सातवी नस आपली आपण सुधारली. बहुतेकांची सुधारते. तोंड सरळ झालं, आणि बुधू दारात हजर! गुण आला की भगताला कोंबडा द्यायचा, ही रीत. मी नेमकी डोळ्याचे थेंब घेऊन तिथंच बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीपेश कोंबडा धरायला उठला, तशी मालू म्हणाली, "थांब रे. भावजी, त्वांड तुमच्या डागानं आलं ना?"

"मंग! नाय तं कशानं?"

"मंग डोला कोनाच्यानं गेला?"

बुधू उंबऱ्यावरून मागे वळला.

"सांगा आनि कोंबडा न्या."

बुधू तसाच गेला. मी टाळी वाजवून म्हटलं, "बरी जिरवलीत!"

मालू हसली नाही. चांगला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाली, "बाय, डाग देयाच्या आदल्या दिशी मी कसाऱ्याच्या बाजारात तोंडाला पदर लावून तुमच्या म्होरं उभी व्हती. तुमी इचारलात, मालूबाई, दात दुखतोय का?"

मला आठवलं. उत्तर ऐकायला मी थांबले नव्हते.