टाकीतलं निजलेलं पाणी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाचं. दुष्काळ होता. मी एका कॉलेजात झाडलोट करायची. माझे मालक सुतार. तिथल्याच एका सरांना लाकडाच्या लहान मोटारी करून द्यायचे — बस, जीप, ट्रक. खेळण्यातल्या नव्हेत. सर त्या काचेच्या लांब टाकीत पाण्यातून ओढायचे, रंग सोडायचे आणि मोटारीमागं भोवरे कसे उठतात, कुठं बिघडतात ते बघायचे. एस्टीमागं धुरळा घुमतो ना — तसंच.

सरांची एकच ताकीद होती. संध्याकाळपासून पाण्यात बोट घालायचं नाही. पाणी रात्रभर निजलं पाहिजे, जरा हललं तरी भोवरे बिघडतात. टाकी झाकायचं काम माझं. मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

पण गल्लीत प्यायलाच पाणी पुरत नव्हतं, आणि माझं डोकं मळानं, उवांनी खाजत होतं. लेकरू तहानलेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. मला नहायचं होतं — एवढंच. पहाटे टाकीतनं बादल्या काढायची, मागच्या मोरीत केस धुवायची आणि सर यायच्या आत साबणाला फेस न येणारं आडाचं मचूळ पाणी ओतून टाकी होती तेवढी भरायची.

मग भोवरे एका अंगाला जायला लागले. सर मालकांना म्हणाले, "मिस्त्री, एक बाजू जास्त तासली गेली." मालकांनी दुसरी मोटार केली. पुन्हा तेच. शिपाई म्हणाला, "मिस्त्री, आता बैलगाडी करा. तिला भोवरा लागत न्हाई." सगळे हसले.

घरी मालक गुण्या लावून काटकोन बघायचे, मोटार डोळ्यापुढं धरायचे. एकदा मला विचारलं, "तुला वाकडी दिसती का गं?"

ती सरळ होती. मी म्हणाले, "हाव, जराशी."

का म्हणाले? नोकरीची भीती? ती होती. पण खरं सांगू — दुसऱ्या दिवशी मला पुन्हा नहायचं होतं.

मालकांनी ते काम सोडलं. सरांनी दुसरा सुतार आणला. तोवर गल्लीत रोज टँकर यायला लागला आणि मी टाकीला हात लावणं थांबवलं. नव्या सुताराच्या मोटारीमागं भोवरे नीट आले. हे मालकांच्या कानावर गेलं — तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी भाकरी थापत राहिले.

पुढं साधा पाट केला तरी ते आधी मला दाखवायचे. मी बघायची आणि त्यांच्या हातात परत द्यायची. मग त्यांनी पाट करणंही सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून असायचे, हात मांडीवर ठेवून.

ते गेले. त्या हातांत काही खोट नव्हती, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला कळत होतं.