पॉइंट तीन आठ

कारखान्यात त्याला सगळे ‘दशांश’ म्हणत. अर्धा कप चहा हवा असला तरी तो ‘पॉइंट पाच’ मागायचा. एकोणीस वर्षं संगणकाच्या आकड्यांवर धातू कापणाऱ्या एकाच सीएनसी यंत्रावर काढल्यावर गुडघे गेले, तेव्हा मालकीणबाईंनी त्याला संगणकापुढे बसवलं. तेच यंत्र पडद्यावर हुबेहूब उभं करायचं, म्हणजे प्रोग्राम आधी तिथे चालवून बघता येईल आणि टक्कर झालीच तर पडद्यावर होईल.

“शुक्रवारी गिऱ्हाईकाची माणसं येतायत,” बाईंनी सोमवारीच सांगितलं. “पडद्यावर आणि यंत्रावर माप एकच दिसलं पाहिजे. नाही जमलं तर काम बाहेर जाईल. मग तुमच्यासाठी माझ्याकडे खुर्ची नाही, काका.”

त्याने पाया, खांब, हत्यार फिरवणारा स्पिंडल, कलणारं टेबल असं एकेक जोडत आणलं. मंगळवारी टेबलावरची फिरती चकती चुकून खांबाला जोडली गेली. टेबल कललं, चकती हवेतच राहिली.

“काका, यंत्र बनवताय की जादूचे प्रयोग?” बाईंनी मागून विचारलं.

तोही हसला. ती चूक पाच मिनिटांत निघाली.

बुधवारची निघेना. टेबल सपाट असताना मापं जुळत. कललं की फरक पडे. मुळाशी गेल्यावर आकडा निघाला पॉइंट तीन आठ मिलिमीटर. हा आकडा त्याला पाठ होता.

अकरा वर्षांपूर्वी घाईत त्याने स्पिंडल टेबलावर आदळवला होता. टेबलाचा कलण्याचा अक्ष तेवढा खाली गेला. तेव्हाचे मालक म्हणजे बाईंचे वडील; त्यांना त्याने सांगितलं, फिटरने टेबल नीट बसवलं नाही. फिटर त्याचा साडू. तो जीव तोडून सांगत राहिला, पण नोकरी गेलीच. तेव्हापासून हा फरक तो प्रत्येक प्रोग्राममध्ये गुपचूप हाताने भरत आला. त्याच्याशिवाय त्या यंत्राचं पान हलत नव्हतं, ते यामुळे.

गुरुवारी त्याने फरक हत्याराच्या लांबीत दडवून पाहिला. नव्वद अंशांवर जुळलं, पंचेचाळीसवर फसलं. खरी जागा एकच होती: अक्षाच्या उंचीचा रकाना. तिथे यंत्राच्या माहितीपुस्तकातल्या पन्नासऐवजी दुसरा आकडा भरला की कुणालाही दिसेल अशी लाल खूण उमटे.

दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, डबा तरी उघडलात का? ताई विचारत होती, शुक्रवारी तुमचं कसं होणार म्हणून. तिच्या जिवाला घोर लागलाय.”

ताई म्हणजे साडूची बायको. त्याने फोन ठेवला आणि आकडा भरला.

बाईंनी लाल खूण पाहिली. “पुस्तकात पन्नास आहे.”

“पुस्तक बरोबर आहे. टेबलावर स्पिंडल मी आदळवला होता.”

“पण तेव्हा तर फिटरला...”

“हो.”

बाईंनी पडद्यावरच्या लाल खुणेवर बोट ठेवलं. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही यंत्र नाही, तुम्हालाच सांभाळत होतो.”

शुक्रवारी प्रत्येक कोनात माप जुळलं. काम कारखान्यात राहिलं. पाहुणे गेल्यावर बाईंनी त्याच्यापुढे कागद सरकवला. “घडलं ते लिहा, सही करा. सोमवारपासून येऊ नका.”

त्याने लिहिलं आणि एक प्रत मागून घेतली.

“जमलं का हो?” बायकोने दारातच विचारलं.

“जमलं.” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “चपला घाल. ताईकडे जायचंय.”