पुढे शाळा आहे

लिहिलेल्या अक्षरावर मुक्ताबाईचा फार विश्वास. परभणीकडच्या गावात तिने शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. तुर्भ्याच्या झोपडीत राहत असताना प्रौढ वर्गाला जाऊन ती वाचायला शिकली, आणि मग तिने एकाही पाटीला सोडलं नाही. बसमध्ये बसली तरी दिसेल ती पाटी मोठ्यांदा वाचायची. तेव्हा शेजारी बसलेला तिचा नवरा शिवराम ही बाई आपली नव्हेच असा चेहरा करून खिडकीबाहेर बघायचा.

कोपरखैरण्यात खोली घेतली तीही पाटी वाचूनच. खोल्या बघत हिंडताना कोपऱ्यावर पिवळा पत्रा दिसला : ‘सावकाश! पुढे शाळा आहे.’ लेक सोनम तेव्हा अंगणवाडीच्या वयाची. मुक्ताबाई म्हणाली, “हीच खोली.”

“अगं, आधी शाळा तर बघू.”

“सरकारनं लिवलंय की. सरकार खोटं लिवतंय व्हय?”

शिवरामने खिशातून अनामत काढली. खोली घेतली.

पुढे शाळा नव्हती. पुढे होता मोकळा प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत आणि गवतात गावठाणातल्या म्हशी. प्लॉट शाळेसाठी राखीव आहे असं जो तो सांगायचा. म्हशींना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. खरी शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे. त्या रस्त्यावरून कारखान्यांचे ट्रक सुसाट धावायचे. सोनम पहिलीत गेल्यापासून रोज सकाळी तिला पलीकडे पोचवेपर्यंत मुक्ताबाईचा जीव टांगणीला लागायचा. एकदा तर ट्रकच्या धक्क्याने सोनमच्या खांद्यावरचं दप्तर उडून गटारात पडलं. दप्तरावर निभावलं. त्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमधल्या कामावर मुक्ताबाईने लाटलेली एकही पोळी गोल झाली नाही.

इकडे पाटीची रया गेली होती. पत्रा गंजला, टेम्पोने मागे येताना खांब वाकवला, आणि अक्षरांवर कुणी मूळव्याधीच्या डॉक्टरचं पोस्टर डकवलं. आता वाचणाऱ्याला कळेना की पुढे शाळा आहे की मूळव्याध. मुक्ताबाईने पोस्टर खरवडून काढलं आणि थेट वॉर्ड ऑफिस गाठलं. तिचा हिशेब सरळ होता : पाटी हाच पुरावा. पाटी गेली की शाळेची आशा संपली.

खिडकीतल्या देवजी कारकुनाने सांगितलं, “बाय, खांब शहर बांधनाऱ्या म्हामंडळाचा हाय, पत्रा आमचा, पालिकेचा हाय. वाकलाय खांब. आमी काय करनार?”

“आन गंजलाय ते?”

“गंज खांबावरून चढला असंल तर तोबी त्यांचाच.”

ती हटली नाही. फेऱ्या मारमारून चपला झिजल्या, तेव्हा कुठे आतल्या साहेबांनी बोलावलं. साहेब विनोदी होते. म्हणाले, “बाई, पाटीत चूक काय आहे? पुढे शाळा आहे. पुढे म्हणजे पुढे-मागे होईलच की!”

सगळं ऑफिस हसलं. मुक्ताबाईला भयंकर लागलं. जी भाषा ती इतक्या कष्टाने वाचायला शिकली होती, तिच्यातच हा माणूस तिला फसवत होता.

पुढच्या खेपेला ती चाळीतल्या बायकांना घेऊन गेली. वीसेक बायका एकदम बोलू लागल्यावर साहेबांचा विनोद आटला. ते जीपने आले, पाटी पाहिली, प्लॉट पाहिला, म्हशी पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “तक्रार रास्त आहे. लगेच कार्यवाही करतो.”

आणि खरोखरच कामगार आले. खड्डा खणायला लागले. पाया खणतायत असं वाटून मुक्ताबाईने त्यांना चहा पाजला, वर बिस्किटं दिली. संध्याकाळी नवा कोरा खांब उभा राहिला, त्यावर चकचकीत पाटी. सोनमने शाळेत शिकवल्याप्रमाणे बोट ठेवून वाचलं, “सूचना. पुढे शाळा नाही.”

“हात दाखवून अवलक्षण!” शिवराम कपाळाला हात लावून म्हणाला.

कामगार जुना पत्रा भंगारात टाकायला निघाले होते. मुक्ताबाईने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला, घरी नेला आणि राखेने घासला.

दुसऱ्या सकाळी ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हातांनी पत्रा डोक्यावर धरलेला. हॉर्न वाजत राहिले, पण ती हलली नाही. पहिल्या ट्रकने करकचून ब्रेक मारले. ड्रायव्हरने शिवी घातली, मग पाटी बघून इंजिनच बंद केलं. पाठोपाठ सगळी रांग थांबली. चांगुणाबाईने, म्हणजे शेजारणीने, पोरांचा घोळका पलीकडे न्यायला सुरुवात केली.

रांगेत साहेबांची जीपही अडकली होती. साहेब उतरून तरातरा आले.

“बाई, हा पत्रा पालिकेची मालमत्ता आहे. परत करा!”

मुक्ताबाईने मान वळवून पाहिलं. सोनम पलीकडच्या कडेला पोचली होती.

“करते की, सायेब,” ती म्हणाली. “शाळा बांधा, आन घिऊन जावा.”