गोणीचे कान

पनवेलच्या खाडीजवळ दिनानाथशेठची भातगिरणी होती आणि त्या गिरणीत आणखी काही बायकांबरोबर रंभा गोण्या शिवायची. तांदूळ भरला की दाभणात सुतळी ओवून तोंड बंद करायचं आणि दोन्ही टोकांना ताग पिळून कान काढायचा. हमाल गोणी उचलतो ती त्या कानांना धरून. रंभाने काढलेला कान हातातून निसटला असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. राग मात्र तिच्या नाकावर असायचा. गोणी शिगोशीग भरलेली दिसली की कान काढायला ताग उरत नाही म्हणून ती तशीच परत पाठवायची, मग समोर शेठ का असेना.

छप्पन साली शेठने मुंबईहून गोण्या शिवायची विजेची मशीन आणली. चांगली होती, खोटं कशाला बोला. बाईने एका गोणीचं तोंड शिवेतो ती रांगच्या रांग उरकायची. शेठने तिला हार घातला, नारळ फोडला आणि बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. इतकी वर्षं राबलेल्या बायकांच्या हातावर त्यातला खोबऱ्याचा तुकडाही पडला नाही.

पण मशीन सरळ शिलाई मारून मोकळी व्हायची. कान तिला ठाऊकच नव्हते. हमालांनी लोखंडी आकडे लावले, तर ताग फाटून तांदूळ बंदराच्या वाटेवर सांडू लागला. आकड्याविना उचलायला गेलेल्या तुळशीराम हमालाच्या हातून गोणी सुटली ती त्याच्याच पायावर. हमाल अडून बसले, तेव्हा शेठला बायका आठवल्या. कान बायकांनी काढायचे आणि मधली शिलाई मशीनने मारायची, असं ठरलं. रंभा परत गेली ती शेठसाठी नव्हे, तुळशीरामचा सुजलेला पाय बघून.

मग मुंबईचे दोन गिरणीवाले मशीन पाहायला आले. शेठने बायकांना गोण्यांच्या थप्पीमागे बसवलं, पुढे ताडपत्री सोडली आणि आवाज करायचा नाही अशी ताकीद दिली. पलीकडचा शब्द न् शब्द रंभाला ऐकू येत होता. मशीनला कानही काढता येतात का, असं एका पाहुण्याने विचारलं.

"ती आमची सुधारणा," शेठ म्हणाला. "मी स्वतः बसवून घेतली."

रंभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे तिने पुष्कळ पाहिले होते, पण हा तर दळणारीलाच पडद्याआड कोंबत होता. ताडपत्री सारून ती दाभणासकट पुढे आली.

"कान मशीनचं नाय," ती पाहुण्यांना म्हणाली. "आमी शिवतो."

शेठने हसून वेळ मारून नेली आणि पाहुण्यांची पाठ वळताच रंभाला फाटकाबाहेर काढलं. लाज कशी ती वाटली नाही त्याला. तिच्या शेजारी शिवणारी ठमाबाई आणि बाकीच्या बायका मग आपणहून उठल्या. दुसऱ्या दिवशी बिनकानाच्या गोण्या अंगणात उभ्या राहिल्या आणि हमालांनी त्यांना हात लावला नाही.

संध्याकाळी शेठ रंभाच्या दारात आला. तांदूळ न्यायला आलेला पडाव, मोठं गलबतच ते, बंदरात लागलेला होता, भरतीला सुटायचा होता. मजुरी वाढवतो म्हणाला, फक्त पूर्वीसारखं गुपचूप थप्पीमागे बसा.

"मागं नाय बसनार," रंभा म्हणाली. "मशीनच्या पुडं बसीन. येनाऱ्याला आमी दिसलो पायजे."

शेठ आल्या वाटेने गिरणीकडे परत फिरला. भरती आली, पडाव रिकामा सुटला, पण एका बाईला मशीनपुढे बसू देतो, एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.