पथ्याचा कागद

पोस्टकार्ड गुरुवारी सकाळी आलं. मी दवाखान्याच्या डाएट किचनमध्ये बार्लीचं पाणी गाळत होते. हात पुसून कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

"शिष्टरबाईस रामराम. तुमच्या कागदापरमाने सगळं चालू हाय. पेज, दूद, ताक, फळाचा रस यातलं काय बी देत न्हाई. भाकरी, उसळ, शेंगदाने देतो. सून खात न्हाई, रडती. तरी जबरीनं देतो. काळजी नसावी."

खाली सही होती. आष्ट्याचे एक पेन्शनर हवालदार. त्यांची सून हौसा चारच दिवसांपूर्वी, रविवारी, आमच्या वॉर्डातून घरी गेली होती.

हौसाला टायफॉइड झाला होता. गावाकडे त्याला मुदतीचा ताप म्हणायचे. या तापात आतड्याला आतून जखमा होतात. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, भूक लागली म्हणतो, पण आतडं अजून भिजलेल्या कागदासारखं असतं. त्यात टणक काही गेलं तर भोक पडू शकतं, आणि भोक पडलं की बहुतेक सगळं संपलंच. आजची औषधं तेव्हा नव्हती. ताप उतरल्यावरही बारा-पंधरा दिवस फक्त पातळ द्यायचं, हाच उपचार. वॉर्डात खाटा कमी पडत होत्या, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी तिला लवकर सोडलं होतं. माझ्या कागदाच्या भरवशावर.

माझ्या कागदाबद्दल सांगायला हवं. आज ज्यांना डाएटिशियन म्हणतात तसं पद आमच्या सांगलीच्या दवाखान्यात नव्हतं. मी वाईची, पुण्याला नर्सिंग शिकलेली. रोग्यांच्या जेवणाचं काम माझ्याकडे दिलं, म्हणून सगळे डाएट सिस्टर म्हणत. घरी जाणाऱ्या रोग्याला काय खायला द्यायचं ते तोंडी सांगितलं तर लोक विसरतात, म्हणून मी तक्ता तयार केला. कागदाच्या मधोमध रेघ. डाव्या बाजूला 'पथ्य' आणि खाली पेज, दूध, ताक, फळांचा रस. उजव्या बाजूला 'अपथ्य' आणि खाली भाकरी, उसळ, शेंगदाणे, तिखट. वळणदार अक्षर. एकही शब्द जास्त नाही. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "सिस्टर, उत्तम. अगदी शास्त्रशुद्ध."

आता तेच डॉक्टर किचनमध्ये ते कार्ड हातात घेऊन उभे होते.

"तुम्ही नेमकं काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं.

"मग बरोबरच आहे की. हा माणूस वेडा आहे का?"

मलाही तसंच वाटत होतं. दारात आमची आया गंगूबाई फरशी पुसत होती. तिनं मान वर केली.

"रागावू नगा बाई, पर त्येनं बरुबर केलंय."

"काय बरोबर?"

"आवं, मला गुळाचं पथ्य हाय म्हंजे मी गूळ खात न्हाई. व्हय का न्हाई? तुमी पेजंचं पथ्य लिवलं. त्येनं पेज बंद केली."

"आणि अपथ्य?"

"पथ्य न्हाई त्ये अपथ्य. म्हंजे खावा बिनघोर."

डॉक्टरांनी कार्ड पुन्हा वाचलं. पुस्तकात पथ्य म्हणजे हितकारक. घराघरात पथ्य म्हणजे जे खायचं नाही ते. मी स्वतः आईशी बोलताना 'मला आंबटाचं पथ्य आहे' म्हणत आले होते. पेन हातात घेतल्यावर मात्र मला पुस्तकातलंच मराठी आठवलं.

"ताबडतोब निघा," डॉक्टर म्हणाले. "पोट बघा. लाकडासारखं कडक लागलं तर आतड्याला भोक पडलं असं समजा."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पेट्रोल रेशनवर. दवाखान्याची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. सर्व्हिस मोटार, म्हणजे प्रवासी बस, कोळशाच्या गॅसवर चालायची, मागे मोठी टाकी लावलेली. आष्टा तेव्हा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगली संस्थानात. अंतर पंधराएक मैल, पण ती मोटार चढ आला की धापा टाकायची. वाटेत दोनदा थांबली. ड्रायव्हर उतरून टाकीत सळई घालून राख पाडत होता आणि मी हिशेब करत होते. रविवारी संध्याकाळी घरी पोचली असेल. सोमवार, मंगळवार, बुधवार. दिवसातून दोन वेळा. सहा वेळा भाकरी. शेंगदाणे वेगळे. दर वेळी ती रडते आहे आणि समोर कुणीतरी माझा कागद धरून बसलं आहे, हे डोळ्यांपुढून हलेना.

आष्ट्याला उतरल्यावर घर विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि समोरच्यानं तोंड पाडलं तर? शेवटी एका चहावाल्याला विचारलं. तो सहज म्हणाला, "हवालदाराचं व्हय? त्ये काय, चिचंच्या पल्याड." सहज म्हणाला, एवढ्यावरच मी श्वास घेतला.

हवालदार सोप्यात ताठ बसले होते. आधीच्या लढाईत जाऊन आलेला माणूस, आता मुलगा आफ्रिकेत लढत होता. मला बघून उठले आणि अंगरख्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"बगा बाई, हुकूम तोडला न्हाई."

मी आत पळाले. हौसा भिंतीकडे तोंड करून निजली होती. ओठ सुकलेले. नाडी जलद. थर्मामीटर लावला, शंभराच्या वर थोडा. मग तिच्या पोटावर हात ठेवायचा होता. माझा हात पुढे जाईना. ठेवला आणि पोट कडक लागलं, तर ते माझ्याच कागदामुळे. मी डोळे मिटून हात ठेवला.

पोट मऊ होतं.

उजवीकडे खाली दाबलं तशी ती कण्हली. पण मऊ होतं. मी पुन्हा पुन्हा दाबून बघत राहिले, शेवटी तीच म्हणाली, "बाई, दुकतंय. सोडा की."

"हौसा, किती भाकरी खाल्लीस?"

तिनं दाराकडे बघितलं. दारात सासू उभी होती. बारीक, वाकलेली बाई. तिनं मला मागच्या परड्यात नेलं आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पयल्या दिशी अर्दी भाकरी खाल्ली तिनं. रातभर पोट धरून बसली. मग मी न्हाई दिली. ह्ये पाठमोरं झालं की भाकरी म्हशीला घालायची आन् पेज पाजायची. तुमी दवाखान्यात पाजत हुता तशी. कुनाला सांगू नगा. त्ये म्हनत्यात कागदात लिवलंय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई बा. मला काय कळतंय लिवल्यालं."

मी तिचे हात धरले आणि रडले. ती घाबरली. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं.

हौसाला हलवणं धोक्याचं होतं. मी तीन दिवस तिथंच राहिले. दर दोन तासांनी नाडी, ताप, पोट. चमच्या-चमच्यानं ताक. कधी ती जरा विव्हळली तरी मी दचकून उठायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिनं स्वतःहून पेज मागितली.

निघताना मी हवालदारांना सगळं सांगितलं. म्हातारीचं नाव घेतलं नाही. पथ्य या शब्दाचं सांगितलं. त्यांनी कागद उलगडून रेघेच्या दोन्ही बाजू पुन्हा वाचल्या.

"म्हंजे हुकूमच उलटा वाचला मी?"

"तुमची चूक नाही. मी लिहिलंच तसं."

"पोरगीला पयल्या दिशी मी हातानं चारलं, बाई. रडत हुती तरी." त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "पल्टनीत सायेब हुकूम द्यायचा आन् लगीच इचारायचा, काय ऐकलंस, बोल. आमी परत बोलून दावायचं. मग सोडायचा. तुमी इचारलं न्हाईसा."

मी सांगलीला परत आले तेव्हा खरी धास्ती पुढेच होती. तसे आणखी तेरा कागद बाहेर गेले होते. मी आणि डॉक्टरांनी रजिस्टर काढून प्रत्येकाला तार किंवा पत्र पाठवलं. जवळच्या गावांना मी स्वतः गेले. बारा जण ठीक होते. काहींनी कागद वाचलाच नव्हता, एकानं त्यात तंबाखू बांधली होती. हे ऐकून मला जितकं हायसं वाटलं तितकं कधी वाटलं नसेल. तेरावा रोगी शिरवळकडचा, तरुण शेतकरी. दोन पत्रांचं उत्तर आलं नाही. तिसरं परत आलं, पत्त्यावर कुणी नाही असा शेरा मारून. त्याचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. घर बदललं असेल असं मी धरून चालते.

नवा तक्ता केला. डावीकडे 'हे द्या', उजवीकडे 'हे देऊ नका'. गंगूबाईला वाचून दाखवला, तिनं मान हलवल्यावरच पुढे पाठवला. मोठे डॉक्टर म्हणाले, "फारच बाळबोध वाटतो."

मी म्हटलं, "वाटू दे."

पुढे बरीच वर्षं शिकाऊ मुलींना मी आहाराचे तक्ते लिहायला शिकवलं. त्या कॅलरी, प्रथिनं सगळं अचूक मांडायच्या, अक्षरही सुंदर. मी तक्ता बाजूला ठेवून एकच काम सांगायची. रोग्याच्या घरी जी बाई रांधते तिला समोर बसवा, वाचून दाखवा आणि विचारा, "आता उद्या सकाळी काय शिजवाल?" तिचं उत्तर ऐका. त्याआधी सही करू नका.